सीटवरची पिशवी

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रावेरजवळ चहाला थांबलो. शेजारच्या गाडीतले काका कापडी पिशवी सीटवरच ठेवून उतरले. केळी विकल्याचे पैसे असतील तर? राहवेना, सांगितलंच, "काका, पिशवी सोबत घ्या." गाडीची समोरची काच दोन थरांची, तडकली तरी धरून राहते. बाजूची मात्र चोराच्या एका टोकदार घावात चुरा होते.

शिवाय मध्य प्रदेश लागूनच. चोरी बऱ्हाणपुरात झाली आणि लक्षात आली रावेरला, तर माणसाने जायचं कुठे? जवळच्या ठाण्यात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्द विचारत नाही. अशी हद्दीबाहेर नोंदवलेली फिर्याद म्हणजेच झीरो एफआयआर. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, तीही मागून घ्यावी.