तळघरातलं अंकगणित

भारतातून कुणी आलं की यादी तयारच असते. क्योतोची देवळं, नाराची हरणं, ओसाकाचा किल्ला, जमलं तर फुजी. आमच्या ताकाराझुकाचं नाव त्यात कधीच नसतं. मी सुचवून बघते, तर पाहुणे विचारतात, "तिथून बुलेट ट्रेन मिळते का?" नाही मिळत. ओसाकातल्या उमेदाहून हांक्यू कंपनीची डाळिंबी-तपकिरी गाडी मिळते. अर्ध्या-पाऊण तासात ती डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडते आणि ती लाइन तिथेच संपते.

लाइन इथे संपते म्हणूनच या गावाला नाव मिळालं. रेल्वेचा मालक कोबायाशी इचिझो हा मोठा हिकमती माणूस. शेवटच्या स्टेशनापर्यंत उतारू यावेत म्हणून त्याने इथल्या गरम झऱ्यांजवळ करमणुकीचं केंद्र उभारलं आणि त्यात पोहण्याचा बंदिस्त तलाव बांधला. तलावाचं पाणी इतकं गार की कुणी उतरेना. मग तलाव कोरडा करून त्याचंच नाट्यगृह केलं आणि 1914 साली तिथे मुलींचा संगीत नाटकांचा संच उभा राहिला. तो आजही चालू आहे. सगळ्या भूमिका बायका करतात, पुरुषांच्यासुद्धा, आणि प्रेक्षकांतही बहुतेक बायकाच. बालगंधर्वांचं कौतुक ऐकत वाढलेल्या माणसाला हे उलट्या बाजूने ओळखीचं वाटतं. खेळ संपल्यावर नटी बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या चाहत्या ओळीत बसून राहतात. ढकलाढकली नाही की आरडाओरडा नाही. सुरुवातीला मला वाटलं, कुणाची तरी शोकसभा असावी.

स्टेशनातून या संचाच्या आजच्या नाट्यगृहाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव 'हाना नो मिची', म्हणजे फुलांची वाट. दोन्ही बाजूंना चेरीची झाडं आहेत. याच वाटेने नाट्यगृह मागे टाकून पुढे गेलं की तेझुका ओसामू स्मृतिसंग्रहालय लागतं. दारात अग्निपक्ष्याचा पुतळा आहे आणि फरशीत तेझुकांच्या पात्रांच्या हातापायांचे ठसे उमटवले आहेत. हे संग्रहालय कुणा कंपनीचं नाही, नगरपालिकेचं आहे. 1994 पासून आमची नगरपालिका कचऱ्याच्या पिशव्यांचे नियम, पाण्याची बिलं आणि एका व्यंगचित्रकाराची स्मृती हे सगळं एकाच काटेकोरपणे सांभाळते आहे.

तेझुका जन्मले 1928 मध्ये, जवळच्या तोयोनाकात. पाच वर्षांचे असताना कुटुंब ताकाराझुकाला आलं आणि पुढची वीसेक वर्षं ते इथेच वाढले. आई नाटकांना नेई. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर चॅप्लिन आणि डिस्ने बघायला मिळत. उरलेला वेळ मागच्या डोंगरात किडे पकडण्यात जाई. किड्यांचं वेड इतकं की ओसामूने आपलं नाव लिहिताना त्यात 'किडा' हे अक्षर जोडून टाकलं, आणि पुढे आयुष्यभर तीच सही राहिली. शाळेच्या वयात त्यांनी किड्यांची चित्रं काढून ठेवली आहेत. भुंग्याच्या पाठीवरचा लाल रंग नीट जमेना म्हणून बोट टोचून रक्त लावलं, असं सांगतात. चित्रं पाहिल्यावर ते खरं वाटायला लागतं.

संग्रहालयाचा दर्शनी दिवाणखाना परीकथेतल्या राजवाड्यासारखा आहे. तो राजवाडा त्यांच्या 'रिबन नो किशी'तला, 1953 पासून आलेल्या मांगामधला. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्यात राजकन्या पुरुषवेष करून राजपुत्र म्हणून वाढते. ही कल्पना कुठून आली असेल, हे शेजारचं नाट्यगृह बघितल्यावर विचारायची गरज उरत नाही.

आत काचेच्या उंच नळकांड्यांत त्यांच्या आयुष्याचे तुकडे ठेवले आहेत. युद्धात शाळकरी पोरांना कारखान्यात जुंपलं तेव्हा तेझुकाही ओसाकात शस्त्रांच्या कारखान्यात होते. 1945 च्या बॉम्बहल्ल्यातून ते बचावले. नंतर ओसाका विद्यापीठात वैद्यकी शिकले, डॉक्टरकीचा परवानाही मिळवला, पण दवाखाना कधी थाटला नाही. घरोघरच्या आयांना हा परिच्छेद पोरांपासून लपवावासा वाटेल. काढलेल्या मांगाची पानं दीड लाखाच्या घरात भरतात. 1989 च्या फेब्रुवारीत पोटाच्या कॅन्सरने गेले तेव्हा वय अवघं साठ.

वरच्या मजल्यावर त्यांची पुस्तकं बसून वाचता येतात. आमच्याकडे आलेल्या एका आत्यांना मी तिथे 'बुद्ध' दाखवलं. 1972 पासून 1983 पर्यंत चाललेली ही चित्रकथा. तिची सुरुवात सिद्धार्थाच्या महालात होत नाही. पहिल्या खंडात गुलाम पोरगा आहे, अस्पृश्य पोरगा आहे आणि जातींच्या उतरंडीचा हिशेब आहे. सिद्धार्थ जन्माला यायलाच खूप पानं जातात. आत्या नागपूरच्या, दीक्षाभूमीवर लहानपणापासून जाणाऱ्या. बराच वेळ पानं उलटत बसल्या आणि म्हणाल्या, "याला बरोब्बर कळलंय कुठून सुरू करायचं ते." आमचा पुढचा सगळा कार्यक्रम त्या दिवशी रद्द झाला.

पण माझं खरं आवडतं ठिकाण तळघरात आहे. तिथे आलेल्या कुणालाही चार रेघा काढून त्या हलवून बघता येतात. मुलं बेडूक काढतात, जरा वेगळा दुसरा बेडूक काढतात आणि बेडूक उडी मारतो. मग बहुतेक मुलं एकच प्रश्न विचारतात: "आणखी किती काढायचे?"

तेझुकांच्या अॅनिमेशनचा, म्हणजे चित्रं हलवण्याच्या कामाचा, गाभा याच प्रश्नात आहे. सिनेमाच्या फितीत सेकंदाला 24 चौकटी असतात. टीव्ही मालिकेच्या पंचवीस मिनिटांच्या भागाला छत्तीस हजार. एक चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी अठरा हजार चित्रं हवीत, आणि तीही दर आठवड्याला. डिस्नेसारखं काम करायचं तर हे अशक्य होतं. तेझुका डिस्नेचे भक्त, 'बांबी' त्यांनी ऐंशीच्या वर वेळा पाहिला म्हणतात. तरी 1963 च्या पहिल्या जानेवारीला फुजी टीव्हीवर त्यांच्या मुशी प्रॉडक्शनची 'तेत्सुवान आतोमू' ही अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका सुरू झाली. तिचा नायक आतोमू हा यंत्रमानव पोरगा; बाहेरच्या जगात तो अॅस्ट्रो बॉय म्हणून गेला. मालिका चार वर्षं चालली, 193 भाग.

कशी चालली? काटकसरीने. एक चित्र तीन चौकटींना. बोलताना फक्त ओठ हलणार, बाकी चेहरा स्थिर. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा की धावल्याचा भास होतो. आतोमू उडतानाचं चित्र जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पार्श्वभूमी बदलून पुन्हा उडवायचं. असं करत चित्रांची संख्या भागामागे दोन हजारांच्या आसपास आणली. अमेरिकेत हॅना-बार्बेरांच्या कार्टून स्टुडिओने यातल्या बऱ्याच युक्त्या आधीच वापरल्या होत्या. पण तेझुकांकडे मांगाचा हात होता. थिजलेल्या चित्रात ताण कसा भरायचा हे त्यांना पानावर आधीच साधलेलं होतं. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच.

आता मांड्याची किंमत. तेझुकांनी स्वतःच लिहून ठेवलंय की भाग साडेपाच लाख येनला विकला. अभ्यासक या आकड्यावर भांडतात, काहींच्या मते प्रत्यक्षात जास्त मिळाले. पण मिळालेला पैसा खर्चापेक्षा कमी होता, यावर कुणाचं दुमत नाही. स्वस्तात द्यायचं म्हणजे दुसरं कुणी स्पर्धेत उतरणार नाही, असा त्यांचा होरा होता. तूट भरून निघाली ती आतोमूच्या चित्रावर. मेइजी कंपनीच्या चॉकलेटच्या गोळ्यांसोबत त्याचे स्टिकर मिळायला लागले आणि पोरांनी दुकानं रिकामी केली. होरा मात्र साफ चुकला. स्पर्धक धावत आले, आणि वाहिन्यांना दर माहीत झालेला होताच. मुशी प्रॉडक्शन 1973 मध्ये बुडालं. तेझुका गेले त्याच वर्षी अॅनिमेशन दिग्दर्शक मियाझाकी हायाओंनी लेख लिहून मांगाकार तेझुकांना मान दिला आणि अॅनिमेशनच्या या स्वस्ताईबद्दल त्यांना सुनावलं. मृत्यूनंतर गोड बोलायचा जपानी शिरस्ता बघता ते धाडसच होतं.

मला मियाझाकींचं पटतं, पण अर्धंच. मुशी बुडालं तरी तिथे तयार झालेल्या माणसांनी मॅडहाउस आणि सनराइज हे स्टुडिओ उभे केले. आणि स्वस्त मालिका नसत्या तर आपल्याकडे तरी काय आलं असतं? दूरदर्शनवर रविवारी सकाळी चड्डीतला मोगली बघून मोठी झालेली आमची पिढी. तो मोगली 1989 साली जपानमध्ये बनला होता, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आता पुन्हा बघताना दिसतं: लांडगे स्थिर उभे आहेत, कॅमेरा सरकतो आहे, फक्त जबडे हलताहेत. तेव्हा मात्र सगळं जंगल पळत होतं.

टंचाईतून वाट काढायची ही खोड आपल्या फाळक्यांनाही होती. मी नाशिकची, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात फिल्मचा तुटवडा पडला तेव्हा दादासाहेबांनी 1915 च्या सुमारास काडेपेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. ती फिल्म आज उरलेली नाही. फरक एवढाच की फाळक्यांच्या काड्यांना महिन्याचा पगार लागत नव्हता.

जपानी चित्रकारांना लागतो आणि तो पुरत नाही. शेजारच्या काकूंची मुलगी तोक्योत एका स्टुडिओत मधली चित्रं काढायची. मुख्य चित्रकार हालचालीची टोकं काढतो, मधले टप्पे भरणारे नवशिके असतात. पैसे दर चित्रामागे, साधारण दोनशे येन. हात चांगला असलेली मुलगी महिन्याला पाचशे चित्रं काढी, म्हणजे एक लाख येन. तोक्योत खोलीचं भाडं दिलं की नूडल्सपुरते उरत. ती परत आली, आता गावातल्या दंतवैद्याकडे स्वागतकक्षात बसते आणि रुग्णांच्या मुलांना अपॉइंटमेंटच्या कार्डावर ससे काढून देते.

मला या संग्रहालयात कुणी विचारलं, विचारणार नाहीत, तर मी तळघराच्या भिंतीवर एक साधा फलक लावीन: भागाला चित्रं किती, चित्राला येन किती, 1963 ला आणि आज. उत्सवाला गालबोट म्हणून नव्हे. 'आणखी किती काढायचे' विचारणाऱ्या पोरांना उत्तर मिळेल.

मात्र त्याच फलकावर एक ओळ 'जंपिंग'ची हवी. 1984 चा सहा मिनिटांचा लघुपट. एक मूल उड्या मारत निघतं, प्रत्येक उडी आधीपेक्षा उंच. रस्ता, गाव, समुद्र, युद्ध, सगळं त्याच्याच डोळ्यांनी, मध्ये एकही काट नाही. दृश्य सतत बदलत असल्यामुळे जुनं चित्र पुन्हा वापरायची सोयच नव्हती. त्याला लागली सुमारे चार हजार चित्रं. आतोमूच्या अख्ख्या भागाच्या जवळजवळ दुप्पट, चौथ्या हिश्श्याच्या वेळात. झाग्रेबच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. काटकसर शिकवणारा माणूस मनातून कसला उधळ्या होता ते यात दिसतं.

शेजारच्या त्या मुलीला मी हे सांगितलं. सगळे विचारतात तसं तिने पारितोषिकाचं विचारलं नाही. बोटांवर गुणाकार केला. "चार हजार गुणिले दोनशे... आठ लाख. आठ महिने सुखाने गेले असते," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.