आधी नवी किल्ली, मग कुलूप

शाळेच्या कार्यालयात लिपिकाची नोकरी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळण्याची नोकरी. दप्तराचे कपाट, प्रयोगशाळा, गच्चीचे दार, सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी त्यात आणखी एका किल्लीची भर पडली. ती खिशात दिसत नाही आणि हरवली तरी कळत नाही. ती किल्ली म्हणजे शाळेच्या वाय-फायचा पासवर्ड.

आमच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. मुले आजूबाजूच्या वस्त्यांतली. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. एका देणगीतून शाळेला २० क्रोमबुक मिळाली. दिसायला लॅपटॉपच, पण इंटरनेट नसेल तर त्यावर फारसे काम होत नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही बी.कॉम. झालात, टॅली येते, हेही तुम्हीच बघा." टॅलीचा आणि याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती.

सुरुवातीला मी पासवर्ड सरळ फळ्यावर लिहून दिला. आठवडाभरात शाळेच्या कुंपणाला टेकून निम्मी गल्ली पिक्चर बघू लागली आणि वर्गात मात्र एक पान उघडायला पाच मिनिटे लागू लागली. मग मी या यंत्रांची व्यवस्था शिकून घेतली. शाळेच्या नावाने एक अ‍ॅडमिन कन्सोल असतो. त्यात प्रत्येक यंत्राची नोंद करायची. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तिथे एकदा भरला की तो सगळ्या यंत्रांत आपोआप उतरतो. मुलांना पासवर्ड सांगावाच लागत नाही. यंत्रांचे गट पाडता येतात, वरच्या गटाला दिलेला नियम खालच्या गटांना आपोआप लागू होतो. "शाळेने दिलेल्या वाय-फायशिवाय दुसऱ्या कशालाही जोडायचे नाही", असाही एक नियम त्यात आहे. तोही मी लावला.

यात एक मेख आहे. हा जोडणीचा नियम माणसाच्या खात्याला न देता यंत्राला द्यावा लागतो. कारण यंत्र उघडून खात्यात शिरायलाच इंटरनेट लागते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. पण याच म्हणीचा दुसरा फटका पुढे बसायचा होता.

शाळेच्या एका कार्यक्रमात मीच पाहुण्यांना पासवर्ड सांगून बसलो आणि तो पुन्हा गल्लीत पोचला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी राउटरवर पासवर्ड बदलला. लगेच कन्सोलमध्येही नवा भरला. दोन्हीकडे आकडा सारखा, ताळेबंद जुळला, म्हणून निवांत घरी गेलो.

सोमवारी सकाळी बारावीची चौदा मुले कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन आली. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी महाविद्यालयाने ठरवलेला तो शेवटचा दिवस होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे अपलोड करायचे. घरात मोबाईल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर. सायबर कॅफेवाला पैसे मागतो. म्हणून मुलांचा भरवसा शाळेच्या यंत्रांवर. आणि विसांपैकी एकही यंत्र जोडले जाईना.

मी घाबरून कन्सोलमध्ये जुना पासवर्ड परत भरला. काही फरक पडेना. पडणार कसा? कन्सोलचा निरोप यंत्रापर्यंत इंटरनेटवरूनच जातो, आणि यंत्रे तर तुटलेली. हाताने पासवर्ड घालावा, तर तो रस्ता मीच नियम लावून बंद केलेला. राउटर चालू होता, माझा फोन त्यावर नव्या पासवर्डने जोडलेला होता, म्हणून दोष तिकडे असेल हे डोक्यातच येईना. साडेअकरा वाजले. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, माझी दुकानातली वेळ झाली." तो निघून गेला. त्याची ती पिशवी घेऊन जाणारी पाठ मला आजही दिसते.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "या मशीनला वाय-फाय ओळखू कसं येतं? नाव आणि पासवर्डवरूनच ना? मग तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला तेच जुनं नाव आणि तोच जुना पासवर्ड ठेवला तर?" मी तसे केले. समोरची तीन यंत्रे लगेच जोडली गेली. मग कुठे माझी ट्यूब पेटली की राउटरवरच जुना पासवर्ड परत घालायला हवा. घातला. दहा मिनिटांत सगळी यंत्रे सुरू. संध्याकाळपर्यंत तेरा अर्ज भरून झाले. चौदाव्यासाठी मी एक क्रोमबुक घेऊन त्या मुलाच्या दुकानावर गेलो. फोनच्या हॉटस्पॉटला शाळेचे नाव होतेच. पोत्यांवर बसून अर्ज भरला, वडिलांना फोन करून ओटीपी विचारून घेतला.

पुढच्या आठवड्यात मी हेच काम नीट केले. राउटरवर नव्या नावाचे दुसरे वाय-फाय सुरू केले, जुने तसेच ठेवले. कन्सोलमध्ये दोन्हींची नोंद केली. बदल पोचायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि कपाटात बंद पडलेल्या यंत्राला तर तो पोचतच नाही. म्हणून वीसही यंत्रे बाहेर काढून सुरू केली. प्रत्येकाने कन्सोलशी शेवटचा संपर्क कधी केला, ते तिथे दिसते. वीस खुणा झाल्यावरच जुने वाय-फाय बंद केले. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवले, कार्यालयाचा हिशेबाचा संगणक वेगळ्या जोडणीवर घेतला.

त्या मुलीने आमची सुटका केली, पण कुलपातली फटही दाखवली. नाव आणि पासवर्ड ठाऊक असेल तर कोणाचाही फोन शाळेचे सोंग घेऊ शकतो. म्हणून मोठ्या संस्थांत प्रत्येक यंत्राला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र देतात, आणि यंत्रही समोरचे वाय-फाय खरे की खोटे हे प्रमाणपत्रावरूनच तपासते. एक यंत्र चोरीला गेले तर तेवढेच प्रमाणपत्र रद्द होते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. आमच्या वीस यंत्रांना एवढा खटाटोप सध्या झेपणारा नाही. पण पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, एवढे तरी मी पाळतो.

आणखी एक गोष्ट केली. कन्सोलचा पूर्ण अधिकार आता माझ्या एकट्याकडे नाही. बाईंचे वेगळे खाते आहे, आणि राउटरचा पासवर्ड सीलबंद पाकिटात त्यांच्या कपाटात आहे. उद्या मी आजारी पडलो तर मुलांचे काम अडू नये.

आपल्यापैकी कोणी अभ्यासिका चालवतो, कोणी पतपेढीत आहे, कोणी शाळेत. असे काम अंगावर आले तर कुलूप जरूर लावा. पण जुने कुलूप काढण्याआधी नवी किल्ली प्रत्येकाच्या हाती पोचली का, ते मोजून पाहा. चौदापैकी तेरा जण आत आले, म्हणून मी समाधान मानू शकलो असतो. पण पिशवी घेऊन दुकानात परत गेला, तोही आपलाच मुलगा होता.