पाणी बघून मसाला

माझं माहेर रत्नागिरीचं, सासर इंदापूर तालुक्यातलं आणि संसार पुण्यात, धनकवडीला. त्यामुळे आमच्या ओट्यावर दोन पाण्यांचे मासे शिजतात. समुद्राची मासळी पुण्यात येते ती बर्फातून, रात्रभर घाट चढून. गणेश पेठेतल्या बाजारात सुरमई-बांगडा चांगला मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहाटे जाळ्यात सापडलेला मासा दुपारी तव्यावर हवा असेल, तर पुणेकरांनी उजनीकडेच बघावं.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. फुगवट्याखाली सासरकडच्या भागातल्या कितीतरी शेतजमिनी गेल्या आणि त्याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवणचा मासळी बाजार आहे. रोहू, कटला, मरळ, वाम असतेच; पण खरा खप चिलापीचा. ही मूळची आफ्रिकेतली, आता इतकी इथली झालीय की रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर तिचंच नाव आधी. दीर पुण्याला यायचे असले की पिशवीत चिलापी ठरलेली.

सासूबाई मासा हातात घेतला की आधी कल्ला उचलतात. आत लालभडक हवं. मग बोटाने दाबायचं. खळगा राहता कामा नये. खवले काढून पोट चिरलं की आत एक काळा पातळ पापुद्रा दिसतो. मासेवाले तो बहुधा तसाच ठेवतात. सासूबाई तो नखाने खरवडून काढतात, कारण कडवटपणा तिथेच असतो. मग दोन्ही अंगांना काट्यापर्यंत तिरप्या चिरा. अगदी ताजा मासा तापल्या तव्यावर आखडतो, कमानीसारखा वर उचलला जातो आणि मधला भाग कच्चा राहतो. चिरा दिल्या की तो सपाट बसतो, मीठही आतपर्यंत जातं.

मीठ-हळद चोळून वर चिंचेचा घट्ट कोळ, आणि अर्धा तास झाकण. माझ्या आईने इथे कोकमाचं आगळ घातलं असतं. काम दोन्हींचं आंबटाचंच, पण कारणं वेगळी. समुद्राच्या माशाला जो उग्र वास येतो, तो ट्रायमिथाइलअमाइनचा. आंबट पडलं की तो दबतो. धरणाच्या माशाला मातकट वास येतो, तो जिओस्मिनचा. पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसात मातीला वास येतो तोही त्याचाच. पावसात तो हवासा, ताटात नकोसा. आंबटात जिओस्मिन मोडतं, हे विज्ञान न वाचताच सासूबाईंच्या हाताला ठाऊक आहे.

पुढे मात्र वाटा फुटतात. बांगड्याच्या तिखल्यात आई तिरफळं ठेचून घालते, ओलं खोबरं वाटते. चिलापीला ते मानवत नाही. तिरफळाचा दरवळ वर राहतो आणि मासा फिका लागतो. तिला लागतो भरपूर लसूण, आलं, कोथिंबीर आणि घरचा कांदा-लसूण मसाला. तळायची तर वरून तांदळाच्या पिठात थोडा रवा. एक बाजू आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. रश्शाला कांदा, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटायचं. रस्सा आधी खळखळून उकळायचा, तुकडे मागून सोडायचे. मग त्यात पळी घालायची नाही, फडक्याने पातेलं धरून गोल हलवायचं. सोबत भात नव्हे, ज्वारीची भाकरी.

एक गोष्ट मात्र खाताना डोक्यातून जात नाही. मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि ती भीमा उजनीत जाते. आपण सोडतो तेच फिरून आपल्याकडे येतं. त्यावर चिंच चालत नाही.

आईचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, ‘आज काय केलंस?’ मासे म्हटलं की दुसरा लगेच, ‘गोड्या पाण्यातले की खाऱ्या?’ तेवढं कळलं की तिला पुढचं विचारावं लागत नाही. चिलापीत सोलं का नाही घातलीस, असं ती आता म्हणत नाही. मागच्या खेपेला जाताना तीच कांदा-लसूण मसाल्याची बरणी भरून घेऊन गेली.