कानांनी वाचलेलं वर्ष

प्रिय चिमे,

तुझ्या पत्रात एवढंच विचारलंयस, की वर्षभरात काय वाचलंस आणि त्यातलं मी काय वाचू? प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

या वर्षी माझं बरंचसं वाचन मोठ्याने झालं. आईची नजर आता बारीक अक्षराला पोचत नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती पलंगावर पाय पसरून बसते आणि म्हणते, "हं, कुठे होतो आपण?" मग मी वाचते. सुरुवातीला हे तिच्यासाठी होतं. दोनतीन पुस्तकांनंतर कळलं, की मीही पुस्तकं वेगळ्या रीतीने ऐकायला लागलेय. डोळ्यांनी वाचताना आपण पुष्कळ ओळींवरून घसरत जातो. तोंडाने वाचताना प्रत्येक वाक्य उचलावं लागतं, आणि खोटं वाक्य उचलतच नाही.

पहिल्यांदा 'स्मृतिचित्रे' काढलं. तू म्हणशील, ते तर शाळेत वाचलंय. नाही गं, शाळेत आपण धडा वाचला होता. लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या इथून, नाशकाहून, जवळच, जलालपूरला. शिक्षण म्हणाल तर नावापुरतं, तेही लग्नानंतर. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असं ठाण मांडलं की सगळं घर त्याखाली पिचून गेलं. हे सगळं त्या शेजारणीला सांगावं तसं सांगतात. 1895 साली त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले, तो भाग आला तेव्हा आई उठून बसली. नवरा जिवंत आहे, त्याचं प्रेमही आहे, आणि त्याच्या हातचं पाणी मात्र चालत नाही! या कोड्यात ही बाई पुढची काही वर्षं काढते, आणि कुणाच्या उपदेशाने नाही, स्वतःच्या डोक्याने विचार करत जातपात एकेक पायरी खाली उतरवते. पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलं. नव्वद वर्षांत त्यातलं एक वाक्य शिळं झालेलं नाही. मराठी गद्यात याच्या पंगतीला बसेल असं फार थोडं आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्या आजोबांच्या फाशीवरून सत्तावन्नचा विषय निघाला आणि मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' काढला. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावरचं कर्ज फिटावं म्हणून, मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं ऐकून, काकांबरोबर उत्तरेला निघतो आणि नेमका बंडाच्या आगीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो शहरातच आहे. नंतर शहर लुटलं जातं, त्याचं वर्णन वाचताना माझा आवाज थांबला. आधी सोनंनाणं, मग भांडी, मग कापड, मग धान्य, अशी दिवसादिवसाची लूट. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी भेटते. दमलेली, तहानलेली. हा पाणी काढायला पुढे होतो, तर ती त्याला ते करू देत नाही, स्वतः काढते. त्या वेळी त्याला माहीत नाही की आपण इतिहास बघतोय. त्याला एवढंच दिसतं, की राणीसाहेबांची ही दशा झाली. एवढ्या वणवणीतून, पुन्हापुन्हा लुटला जाऊन, हा माणूस घरी काय आणतो, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड.

चिमे, घेताना आवृत्ती नीट बघून घे. चिं. वि. वैद्यांनी 1907 साली ते छापलं तेव्हा भाषेवर बराच हात फिरवला होता. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती 1966 साली आली. तीच वाच. तिची वाक्यं ओबडधोबड आहेत, पण बोलणारा माणूस समोर बसतो.

मग कादंबऱ्यांकडे वळलो. उद्धव शेळक्यांची 'धग', 1960 सालची. आई अमरावतीकडची, हे तुला आठवत असेलच. इतकी वर्षं नाशकात राहून तिची भाषा इथलीच झाली होती. कौतिकचं बोलणं मी वाचायला लागले आणि चारपाच पानांतच आईच्या तोंडून वऱ्हाडी आपोआप यायला लागलं. मी जरा थांबले की, "काऊन थांबली वं?" कौतिकचा नवरा महादेव शिंपी, कर्तृत्व नाही, पुढे महारोग. संसार ओढते ती एकटी. कुठेही रडवण्यासाठी लिहिलेलं एक वाक्य नाही, म्हणूनच सहन होत नाही. शेवटच्या प्रकरणानंतर आईने विचारलं, "ही बाई खरी होती का?" कादंबरी आहे म्हटलं. तिला ते पटलं नाही. "असेलच कुठे तरी," म्हणाली. लक्ष्मीबाईंबद्दल, भटजींबद्दल तिने हा प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय, की कादंबरी आणि आत्मकथन हे कप्पे ग्रंथालयाच्या सोयीचे आहेत. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा आवाज खरा वाटतो की नाही, एवढंच कळतं.

याच कसोटीवर 'ययाति' या वेळी माझ्यापुरती उतरली नाही. कॉलेजात आपण दोघी तिच्यावर जीव टाकत होतो. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगतात, पण मोठ्याने वाचताना तिघांचाही आवाज एकच येतो, खांडेकरांचा. सुंदर, सुभाषितांनी भरलेला, पण एकच. उलट इरावतीबाईंची 'युगान्त' बघ. ती कादंबरी नाही, समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी महाभारतातल्या माणसांवर लिहिलेले लेख आहेत. तरी तिथली गांधारी, कुंती, द्रौपदी चालती-बोलती उभी राहते. आई म्हणाली, "ही बाई द्रौपदीच्या बाजूने भांडतेय." खरंच भांडतायत त्या.

रात्री एकटीने, मनातल्या मनात वाचली ती 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, 1939 सालची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. तो मुंबईला उतरणार, तिला पुढे जायचंय आणि तिथे तिचं कुणी नाही. महायुद्धाच्या तोंडावर एका मराठी लेखकाने हे लिहावं, याचा मला अभिमान वाटतो. आज बोटींत बसून देश शोधणारी माणसं बातम्यांत दिसतात तेव्हा हॅर्टाच आठवते. ती मी आईला वाचून दाखवली नाही. धीर झाला नाही.

बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' मात्र दोघींनी वाचलं. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून वही लपवत त्यांनी ते लिहिलं. पुस्तक निघालं 1986 साली. स्वतःपेक्षा वस्तीबद्दल जास्त बोलणारं आत्मकथन आहे ते. महारवाड्यातली भूक, पोरसवदा सुनांचे हाल आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने उठलेली माणसं. आई ते ऐकताना फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून तिच्या माहेरच्या गावातल्या पाणवठ्याबद्दल सांगायला लागली. कोण कुठे उभं राहायचं, कुणी कुणाच्या घागरीत वरून पाणी ओतायचं. इतक्या वर्षांत हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

सगळ्यात अलीकडचं म्हणजे कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. धरणाने उठवलेली माणसं आणि मागे राहिलेली एक म्हैस. कोल्हापुरी बोली वाचताना जीभ अडखळते, पण घाई करू नकोस.

पुढच्या महिन्यात भाचा कॅलगरीला येतोय. त्याच्या सामानात 'धग', 'रणांगण' आणि पोतदारांचा 'माझा प्रवास' घातलाय. 'धग' लेकीला मोठ्याने वाचून दाखव. तिला निम्मं कळणार नाही, तरी वाच. रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' आणून ठेवलंय, चांगलं जाडजूड आहे. तूही ते मिळवणार असशील तर लवकर कळव, म्हणजे मी सुरू करायची थांबते आणि आपण बरोबरच वाचू. आई विचारतेय, तिकडे थंडी किती आहे?

तुझी,
माई