पाऊस किती, की केव्हा?

टुसानला आमच्या घरामागे ‘वॉश’ आहे. आपला कोरडा ओढाच म्हणा ना! वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. हिवाळ्यातली रिपरिप जमिनीत मुरते, ओढ्याला पत्ताही लागत नाही. उन्हाळी पाऊस (इथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात!) वळवासारखा कोसळतो, टणक जमीन तेवढं पाणी इतक्या झटपट पिऊ शकत नाही, आणि ओढा फुगतो.

२००६ च्या जुलैअखेरीस चार दिवसांच्या पावसाने कॅटालिना डोंगर चिंब झाले होते. मग ३१ तारखेचा पाऊस मुरणार कुठे? दगडधोंड्यांसकट खाली आला, साबिनो कॅन्यनमधला रस्ता ठिकठिकाणी उखडला.

आपल्या अंगणात ऊन असतं, पाऊस तिकडे डोंगरात. म्हणून पाहुण्यांना बजावतो, भरल्या वॉशमध्ये गाडी घालू नका. अडथळा ओलांडून अडकलात, तर ॲरिझोनाच्या १९९५ च्या कायद्याने सुटकेचा खर्च तुमच्याच माथी. कायद्याचं प्रचलित नाव ‘मूर्ख वाहनचालक कायदा’!