दिल्लीचं रीगल आणि 'फायर'

दिल्लीला गेलेली आपली मंडळी कुतुबमिनार, लाल किल्ला बघतात, जनपथवर खरेदी करतात आणि आग्र्याची टॅक्सी पकडतात. गेल्या हिवाळ्यात भारतात गेलो तेव्हा मी या यादीत आणखी एक ठिकाण घातलं: कॅनॉट प्लेसमधलं रीगल थिएटर.

राजीव चौकच्या मेट्रो स्टेशनातून वर आलं की चालत पाच-दहा मिनिटांवर, खादी भवनाला लागूनच ही इमारत आहे. १९३२ साली उघडलेलं हे थिएटर ३० मार्च २०१७ ला बंद झालं. शेवटचा खेळ राज कपूरच्या 'संगम'चा होता. पण मी गेलो तो राज कपूरसाठी नव्हे, दीपा मेहतांच्या 'फायर'साठी.

'फायर' १९९६ चा. दिल्लीतलं एक मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब आणि घरचाच खाद्यपदार्थांचा धंदा. थोरला भाऊ स्वामींच्या नादी लागून ब्रह्मचर्य पाळतो, धाकट्याचं बाहेर प्रकरण. त्यांच्या बायका राधा आणि सीता, म्हणजे शबाना आझमी आणि नंदिता दास, एकमेकींच्या प्रेमात पडतात. नवरे नीट वागले असते तर हे घडलंच नसतं, असा अर्थ यातून निघू शकतो आणि तो मला खटकतो. प्रेम म्हणजे काय कशाची भरपाई असते? पण शेवट त्या दोघींना शिक्षा करत नाही. दोघी घर सोडतात आणि जिवंत राहतात. त्या काळी पडद्यावर हेही थोडं नव्हतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये तो भारतात लागला. २ डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसैनिकांनी मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर. तेव्हाचे आपले मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी हल्लेखोरांची पाठराखण केली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत काटछाट न होता परत आला.

मला महत्त्वाची वाटते ती ७ डिसेंबरची संध्याकाळ. रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन लोक जमले. बरेचसे अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी आले होते. पण काही बायकांच्या हातांतल्या फलकांवर 'भारतीय' आणि 'लेस्बियन' हे दोन शब्द शेजारी-शेजारी होते. हे पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्यांना तेवढं उत्तर पुरेसं होतं. त्यातूनच पुढे 'कॅम्पेन फॉर लेस्बियन राइट्स' हा गट उभा राहिला. चित्रपटात सीता राधाला म्हणते, की आपल्या नात्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. पडद्यावर जे अडलं, ते थिएटरबाहेरच्या फुटपाथवर बोललं गेलं!

आज तिथे पाटी नाही, खूण नाही. समोरून रिक्षा जातात, चहावाला ओरडतो.

मंडळी, आपण परदेशात मराठी शाळा चालवतो, मुलांना शब्द शिकवतो. सून, जावई, व्याही, विहीण, सगळे. उद्या आपल्यापैकी कुणाची मुलगी गणपतीला मैत्रिणीला घेऊन आली आणि 'ही माझी मैत्रीण' एवढ्यावर थांबली, तर ती थांबते का, हे आपल्याला कळलं पाहिजे. पुढचा शब्द तिला आपल्या घरात, आपल्या भाषेत उच्चारता यावा. त्यासाठी तिला कुठल्या थिएटरसमोर फलक धरायची वेळ येऊ नये.