भाच्याची मजुरी आणि सासूबाईंचा प्रश्न

माझं माहेर पांढुर्ण्याचं आणि थोरल्या बहिणीला दिलं सौंसरला. निपाणीत हे सांगितलं की हमखास गोंधळ होतो. "सासर कळलं हो, पण गाव कुठलं?" असं लग्नानंतर मला किती जणींनी विचारलं असेल! मग सांगावं लागतं, की सौंसर हे गावाचंच नाव. मध्य प्रदेशात, नागपूरच्या वर. १९५६ साली प्रांतरचना झाली, तेव्हा आपण इकडे राहिलो तसे ते तिकडे राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला, सौंसर आता त्यात आहे. "म्हणजे आमच्यासारखंच की," एवढं बोलून सासूबाईंचं समाधान झालं होतं.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सौंसरला गेले. कोल्हापुरातून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर आणि तिथून पुढे बस. तिकडे या दिवसांत दोन गोष्टींची घाई असते, संत्र्याची आणि कापसाची. संध्याकाळी बायका वेचलेला कापूस घेऊन अंगणात येतात, काट्यावर तो मोजला जातो, भाऊजी वहीत आकडा लिहितात आणि बाजाराच्या दिवशी चुकारा होतो. रोख. त्यात उद्या-परवा चालत नाही. बाजार म्हणजे तिच्या घरचं तेल-मीठ.

बहिणीचा मुलगा बी.कॉम. झालेला. सकाळी अकराला उठतो. शेजारीपाजारी म्हणतात, पोरगं रिकामं आहे. पण ते रात्री तीनपर्यंत काम करत असतं, हे शेजाऱ्यांना कुठून दिसणार? परदेशातल्या लोकांच्या चित्रफिती कापून-जोडून द्यायच्या, खाली अक्षरं टाकायची, असं त्याचं काम. काम देणाऱ्याचं तोंड त्याने पाहिलेलं नाही. आणि मजुरी मिळते ती क्रिप्टोत. म्हणजे बिटकॉइनसारखी रोज वर-खाली उडणारी नव्हे. टेथर नावाचं एक टोकन आहे, त्याची किंमत एका डॉलरला बांधलेली असते. मी विचारलं, अरे, सरळ बँकेत का नाही मागत? तर त्याचंही खोटं नव्हतं. शंभर-दोनशे डॉलरची रक्कम बाहेरून बँकेत यायची तर मधले लोक आपापला हिस्सा कापतात, चार-पाच दिवस जातात. टोकन पंधरा मिनिटांत येतं. शिवाय देणाराच म्हणतो, याच्यातच देईन, घ्यायचं तर घे.

टोकन आलं तरी त्याने किराणा येत नाही. ते विकून रुपये करायचे. सरळ बाजारात विकलं तर भाव थोडा कमी, म्हणून ही मुलं परस्पर कुणाला तरी विकतात. समोरचा यूपीआयने पैसे टाकतो, हे टोकन सोडतात. एक-दोन रुपयांचा फायदा. भाच्याने असेच दोनशे टोकन विकले, १७,६०० रुपये खात्यात आले. आठवड्याने खातं गोठलं.

बँकेत गेल्यावर कळलं, की दूरच्या एका राज्यातल्या पोलिसांचं पत्र आलंय. हा प्रकार मी नीट समजून घेतला, कारण घरोघरी मुलं हे काम करताहेत. कुणीतरी एखाद्याला फोनवर फसवून पैसे काढतो. ते चार खात्यांतून फिरवतो आणि शेवटी त्याच पैशांनी भाच्यासारख्याकडून टोकन घेतो. टोकन देशाबाहेर निघून जातं. फसलेला माणूस १९३० वर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत निघतात आणि तो माग येऊन थांबतो सौंसरच्या पोराच्या खात्यापाशी. पोलिसांचं तरी काय चुकलं? ज्याचे गेले तोही कुणाचा तरी बापच असेल.

पण त्या खात्यात फक्त त्याची मजुरी नव्हती. भाऊजींचा फोन साधा. संत्र्याच्या व्यापाऱ्याने इसाराची रक्कम पोराच्याच खात्यावर टाकली होती, आणि त्यातूनच वेचणीचा चुकारा व्हायचा होता. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बायका अंगणात येऊन बसल्या. भाऊजी काही बोलले नाहीत. नुसते वही उघडायचे आणि मिटायचे. शेवटी बहिणीने डब्यातले काढले, मी पर्समधले दिले, आणि ती वेळ निभावली.

रात्री भाचा माझ्याजवळ येऊन बसला. "मावशी, अजून तीनशे टोकन पडले आहेत माह्याजवळ. तुह्या खात्यावर घेऊ काय? तुले काहीच करा लागत नाही."

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, विचारसुद्धा केला नाही. तो "बरं" म्हणून उठला. त्याने चोरी केली नव्हती, रात्री जागून कमावलं होतं, हे मला माहीत होतं. तरी माझ्या पगाराच्या खात्याची भीती वाटली. अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, ज्याची मजुरी सख्खी मावशीही हातात घ्यायला भिते, त्याने ती न्यावी कुणाकडे?

मी अर्थशास्त्र शिकवते. पैशाची कार्यं फळ्यावर लिहिते: विनिमयाचं माध्यम, मूल्यमापनाचं साधन, मूल्याचा संचय. मुलं पाठ करतात, मीही पाठच केलं होतं. मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी, असं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितलं, आणि नव्या वेतन संहितेतही मजुरी म्हणजे चलन, धनादेश नाहीतर बँकेतली जमा. पण हे नोकराला. भाचा कुणाचा नोकर नाही. त्याच्या टोकनांचं सरकारदरबारी काय? २०१८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विकताना १ टक्का टीडीएस. कामाबद्दल मिळालेलं टोकन तर ज्या दिवशी मिळालं त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरायचं. म्हणजे बंदी नाही, कर आहे, पण चलन म्हणून मान्यता नाही. आणि मुंबईच्या वझीरएक्स या बाजारावर जुलै २०२४ मध्ये दरोडा पडून २३ कोटी डॉलरांहून जास्त गेले, तेव्हा तिथे ठेवलेल्या क्रिप्टोला ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ हात लावता आला नाही. त्या ग्राहकांत अशी मजुरी ठेवलेली मुलंही असतीलच.

परत आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी उमेदीची वर्षं विड्या वळण्यात घालवली. हजारी दर, त्यात ठेकेदाराची छाट. पान कच्चं म्हणून मूठभर बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. घरी बसून केलेलं काम हे कामच नव्हे, असं तेव्हाही लोक म्हणत. पुढे विडी कामगाराचं ओळखपत्र हातात आलं, ते त्या अजून ट्रंकेत ठेवून आहेत. टोकन, डॉलर, बाजार, पोलीस असं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अद सरि, रोक्क एल्लैति?" ते ठीक, पैसे कुठं आहेत?

मला उत्तर देता आलं नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला!

मग मी भाच्याला फोन केला. खातं देणार नाही, पण अर्ज मी लिहून देते म्हटलं. कामाची बोलणी, टोकन आल्याच्या नोंदी, विक्रीची पावती असं सगळं जोडून अर्ज गेला. सात आठवड्यांनी संत्र्याची रक्कम मोकळी झाली. १७,६०० तेवढे अडकवून ठेवले. पडलेले तीनशे टोकन त्याने नोंदणी असलेल्या बाजारात, कमी भावात विकले. काम देणाऱ्या दोघांना त्याने बँकेतून पैसे पाठवायला सांगितलं. एक तयार झाला, पण पैसे पाठवण्याचा खर्च मजुरीतून कापतो. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, ते काम गेलं.

बहिणीचा परवा फोन होता. तो अजून अकरालाच उठतो म्हणाली. पण बापासारखी वही घातली आहे: तारीख, काम कुणाचं, किती मिळाले, त्या दिवसाचा भाव, कुठल्या खात्यात आले. एका ओळीत १७,६०० लिहिलेत. शेवटचा रकाना कोरा आहे. पुढच्या तारखेला पुन्हा अर्ज टाकायचा, तो मजकूर मी आज रात्री लिहून पाठवणार आहे.